वेशीवरची मोजदाद

संगणकांचे जाळे आधी विणले गेले आणि त्यावरून होणाऱ्या वाहतुकीची मोजदाद करण्याची बुद्धी माणसांना मागाहून सुचली, असा जो समज सामान्यतः आढळतो, त्याला इतिहासाचा आधार नाही. १९६९ च्या सप्टेंबर महिन्याच्या आरंभी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्पानेट या आद्य जाळ्याचे पहिले केंद्र कार्यान्वित झाले, तेव्हा प्राध्यापक लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेकडे मुद्दाम सोपविण्यात आलेले काम मापनाचेच होते, आणि 'नेटवर्क मेझरमेंट सेंटर' हे नावच त्याची साक्ष देते. बीबीएन या कंपनीने हनीवेलच्या संगणकांवर जी संदेशवाहक यंत्रे उभारली, त्यांच्या आज्ञावलीतच पॅकेटांची गणना करणारे, रांगांची तात्कालिक स्थिती टिपणारे आणि एखाद्या पॅकेटाचा प्रवास मुक्कामागणिक नोंदविणारे भाग अंतर्भूत केलेले होते. १९७४ मध्ये क्लाइनरॉक आणि विल्यम नेलर यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात अखंड एका आठवड्याच्या वाहतुकीचा हिशेब आहे: संदेश किती लांबीचे, त्यांना पोहोचण्यास विलंब किती, कोणत्या स्थानांमध्ये देवघेव अधिक, आणि बहुतेक संदेश एकाच पॅकेटात मावण्याइतके लहान कसे. हिशेब चोख आहे. तथापि वाहतूक किती होते हे त्यातून जितके स्पष्ट कळते, तितके ती वाहतूक कशाची होते हे कळत नाही. आणि पुढल्या पन्नास वर्षांत या क्षेत्रात जे परिश्रम झाले, जी साधने निर्माण झाली व जे कलह माजले, ते बव्हंशी या दुसऱ्या प्रश्नाभोवती आहेत.

मालाची प्रतवारी करायची तर आधी जिनसांची यादी हवी, आणि ती यादी करण्याचे काम जॉन पोस्टेल यांनी आपण होऊन अंगावर घेतले. १९७२ च्या मे महिन्यात आरएफसी ३४९ या क्रमांकाच्या लहानशा टिपणात त्यांनी असे सुचविले की, निरनिराळ्या सेवांना अधिकृत क्रमांक वाटून देणारा कोणी एक अधिकारी असावा, आणि तो अधिकारी आपणच व्हावे की काय, अशी पृच्छाही त्यांनी तेथेच केली. सूचना मान्य झाली, आणि १६ ऑक्टोबर १९९८ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत हे दप्तर त्यांच्याच देखरेखीखाली राहिले. १९८१ च्या सप्टेंबरात इंटरनेटचे मूलभूत नियम ग्रथित झाले तेव्हा प्रत्येक पॅकेटाच्या शिरोभागी आठ बिटांचे एक घर आतील प्रोटोकॉलच्या क्रमांकासाठी राखून ठेवण्यात आले. तेथे १ असेल तर आयसीएमपी, ६ असेल तर टीसीपी, १७ असेल तर यूडीपी. टीसीपी आणि यूडीपी यांच्या पोटात पुन्हा सोळा बिटांची पोर्टची घरे होती: २१ म्हणजे फाइलींची नेआण, २३ म्हणजे दूरस्थ संगणकावरील प्रवेश, २५ म्हणजे टपाल, ५३ म्हणजे नावांवरून पत्ते शोधणे, आणि पुढे ७० म्हणजे गोफर, ८० म्हणजे वेब, ४४३ म्हणजे कूटबद्ध वेब.

या व्यवस्थेत जी एक गोष्ट प्रथमपासून गृहीत धरली गेली, ती येथेच नमूद केली पाहिजे. पोर्टचा क्रमांक हा पॅकेट पाठविणाऱ्याने आपल्या मालाविषयी स्वतः दिलेला जबाब आहे. २५ क्रमांकावरून जाणाऱ्या पॅकेटात टपालच असेल, याची शहानिशा करणारी योजना जाळ्यात कोठेही नव्हती, आणि त्या काळी तिची आवश्यकताही नव्हती. कारण खोटा जबाब देऊन कोणाचा काही लाभ होण्यासारखा नव्हता. विद्यापीठांचे आणि प्रयोगशाळांचे ते जाळे परस्परांच्या ओळखीच्या माणसांचे होते, आणि पोस्टेल यांची यादी प्रामाणिकपणे पाळली जात असे. मोजदादीचे सारे शास्त्र या प्रामाणिकपणाच्या पायावर उभे राहिले.

ऑक्टोबर १९८६ मध्ये जाळ्यावर जी कोंडी झाली, तिच्यामुळे मोजमापाला नवी निकड आली. बर्कली येथील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथील विद्यापीठ यांच्यात जेमतेम चारशे यार्डांचे अंतर, वाटेत दोनच मुक्काम. परंतु या वाटेवरचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून घसरत ४० बिटांवर आला. या अरिष्टाचे कारण शोधण्यासाठी व्हॅन जेकबसन यांनी तारेवरची पॅकेटे प्रत्यक्ष वाचण्यास आरंभ केला. आणि त्याच प्रयोगशाळेत जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅककॅन यांच्या हातून टीसीपीडंप हे साधन निर्माण झाले, जे आजही जाळ्याच्या प्रत्येक व्यवस्थापकाच्या हाताशी असते. पॅकेटांच्या लोंढ्यातून हवी तेवढीच निवडून घेण्याची त्यामागील यंत्रणा मॅककॅन आणि जेकबसन यांनी १९९३ च्या आरंभी निबंधरूपाने मांडली. बर्कली पॅकेट फिल्टर या नावाने ती ओळखली जाते.

परंतु प्रोटोकॉलवार मोजदादीचे सुवर्णयुग कोणते, असे कोणी विचारले, तर मी एनएसएफनेटकडे बोट दाखवीन. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या आश्रयाने चाललेला हा कणारूप मार्ग १९८८ च्या जुलैपासून मिशिगनमधील मेरिट ही संस्था आयबीएम आणि एमसीआय यांच्या साहाय्याने चालवीत होती, आणि त्याची वेगमर्यादा आरंभी सेकंदाला दीड मेगाबिट इतकीच होती. मार्ग सार्वजनिक पैशाने चाललेला असल्यामुळे त्यावरून काय जाते याचा हिशेबही सार्वजनिक असावा, ही भावना तेथे स्वाभाविक होती, आणि मेरिटने पोर्टच्या क्रमांकानुसार केलेली महिन्यामहिन्याची कोष्टके ज्याला हवी त्याला मिळत. वाहतूक वाढली तसे प्रत्येक पॅकेट तपासणे मोजणाऱ्या यंत्रांना झेपेनासे झाले, म्हणून १९९१ मध्ये पन्नास पॅकेटांतून एक उचलून त्यावरून एकंदरीचा अंदाज बांधण्याची पद्धत सुरू झाली. असा नमुना कितपत विश्वसनीय असतो, याची चिकित्सा किम्बर्ली क्लाफी, जॉर्ज पॉलिझोस आणि हान्स-वेर्नर ब्राउन यांनी १९९३ मध्ये केली. ज्या काळात जाळ्यावरचा प्रत्येक जण नवनवीन चमत्कार घडविण्यात गुंतला होता, त्या काळात या मंडळींनी केवळ मोजणी शुद्ध कशी राहील यासाठी खपावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्या कोष्टकांतून एका क्रांतीचा जन्म आकड्यांच्या रूपाने पाहता येतो. १९९३ च्या मार्चमध्ये या मार्गावरील एकूण वाहतुकीत ८० क्रमांकाचा, म्हणजे वेबचा, वाटा एक सहस्रांश होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो एक शतांश झाला, म्हणजे सहा महिन्यांत दसपट. तेव्हा सर्वांत मोठी रक्कम असे ती फाइलींच्या नेआणीच्या खाती. १९९५ च्या मार्चमध्ये पॅकेटांच्या संख्येने, आणि एप्रिलमध्ये बाइटांच्या राशीनेही, वेबने तिला मागे टाकले. वृत्तपत्रांतून वेबविषयी त्या वर्षी जे लिहिले गेले त्यात उत्साह पुष्कळ आहे; परंतु कोणत्या महिन्यात सत्तांतर झाले हे निश्चयाने सांगण्याचे सामर्थ्य मेरिटच्या कोष्टकांतच होते. आणि दैवयोग असा की, ३० एप्रिल १९९५ रोजीच एनएसएफनेटचा तो कणा बंद करण्यात आला. वाहतूक खाजगी कंपन्यांच्या मार्गांवर गेली, तिचे आकडे त्या कंपन्यांच्या दप्तरात गेले, आणि साऱ्या जाळ्याच्या हृदयातून जाणाऱ्या मालाची एकच सार्वजनिक वही असण्याचा काळ त्या दिवशी संपला. ही हानी त्या वेळी फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. पुढे ज्यांना जाळ्याचा इतिहास लिहावयाचा होता त्यांना मात्र ती पदोपदी जाणवली.

आपल्याकडे याच सुमारास काय चालले होते, ते थोडक्यात सांगतो. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट हा उपक्रम सुरू झाला, आणि आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांसारख्या संस्थांबरोबर त्यात मुंबईतील जुहू येथील एनसीएसटी ही संस्था होती. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखालील या संस्थेतूनच अर्नेटचे परदेशाशी दळणवळण चाले. त्या अरुंद वाटेवरून मुख्यत्वे टपाल जाई, आणि माल एकाच प्रकारचा असला की प्रतवारीचा प्रश्न उद्भवत नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले, आणि नंतरच्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतून व महाविद्यालयांतून भाड्याच्या ६४ किलोबिटांच्या तारा आल्या, तेव्हा मात्र त्या महागड्या तारेवर नेमके काय वाहते, हे जाणण्याची गरज येथल्या व्यवस्थापकांनाही तितक्याच तीव्रतेने भासू लागली. त्यांनी हाती घेतलेले साधन होते फायरवॉल.

फायरवॉलचा प्रसार भयापोटी झाला. २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने जाळ्यावर सोडलेला कृमी अंदाजे सहा हजार संगणकांत शिरला, आणि शिरताना त्याने टपालाच्या २५ क्रमांकाचा व वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या ७९ क्रमांकाचा आश्रय घेतला, म्हणजे पोस्टेल यांच्या यादीतील प्रतिष्ठित सेवांचाच. आपल्या आवाराच्या वेशीवर कोणीतरी पहारा ठेवला पाहिजे, हा विचार त्यानंतर झपाट्याने दृढ झाला. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेतील जेफ्री मोगल यांनी १९८९ मध्ये अशी रचना मांडली की, पत्ता, प्रोटोकॉल आणि पोर्ट पाहून कोणते पॅकेट आत घ्यावे व कोणते परतवावे याची नियमावली व्यवस्थापकाने लिहून ठेवावी आणि यंत्राने ती पाळावी. एटी अँड टी कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत विल्यम चेसविक आणि स्टीव्हन बेलोविन यांनी आपल्या वेशीवर जे जे आले त्याची टिपणे ठेवली. बेलोविन यांच्या १९९२ आणि १९९३ मधील निबंधांत या टिपणांचे सार आहे, आणि ते वाचताना मला सर्वांत विस्मय वाटतो तो हा की, हल्लेखोरांच्या जोडीनेच निव्वळ चुकीच्या मांडणीमुळे जगभर भरकटणारी पॅकेटेही त्यांच्या दाराशी येऊन पडत असत. पहारेकऱ्याने जागरूकपणे मोजले म्हणूनच हे जगाला कळले.

मोजदादीसाठी फायरवॉलसारखी दुसरी जागा नव्हती. आत येणारा आणि बाहेर जाणारा सर्व माल त्या एकाच ठिकाणावरून जाई, आणि पॅकेट सोडावे की अडवावे याचा निर्णय करण्यासाठी त्याचा प्रोटोकॉल व पोर्ट यंत्राला तसेही वाचावेच लागत. मग वाचता वाचता प्रत्येक नियमाच्या खाती एक पॅकेट आणि इतके बाइट जमा करणे, हे काम जवळजवळ विनामूल्य होते. लिनक्समध्ये १९९४ साली ॲलन कॉक्स यांनी बीएसडीमधील अशी व्यवस्था आणली. १९९६ च्या आवृत्तीबरोबर योस वोस यांचे आयपीएफडब्ल्यूॲडमिन प्रचारात आले, आणि त्यात अडवणुकीच्या नियमांहून वेगळे, केवळ हिशेबाचे असे नियम लिहिण्याची स्वतंत्र सोय होती. पुढे रस्टी रसेल यांचे आयपीचेन्स १९९९ मध्ये आणि आयपीटेबल्स २००१ मध्ये आले, तेव्हा हे वेगळे दालन गेले, परंतु एक सुंदर तरतूद राहिली: ज्या नियमापुढे सोडा किंवा अडवा असा कोणताच निवाडा लिहिलेला नाही, तो नियम जुळणारे पॅकेट निमूटपणे मोजतो आणि पुढच्या नियमाकडे जाऊ देतो. कसबी व्यवस्थापक अशा निवाडारहित नियमांची एक माळ सर्वांत वर गुंफून ठेवीत, टपालाचा एक, वेबचा एक, नावांच्या पृच्छांचा एक, आणि ठरावीक वेळाने त्या नियमांवरचे आकडे वाचून, वहीत चढवून, पुन्हा शून्यावर आणीत.

मोजणाऱ्या नियमांची ही माळ अशी सर्वांत वर गुंफण्याची निकड का असे, हे समजून घेण्यासारखे आहे. चेक पॉइंट या इस्रायली कंपनीने १९९४ मध्ये आपली फायरवॉल बाजारात आणली तेव्हापासून जोडणीची स्थिती लक्षात ठेवण्याची पद्धत रूढ होत गेली: पहिले पॅकेट नियमावलीतून तपासून घ्यावे, ते मान्य झाले की त्या जोडणीची नोंद करावी, आणि नंतरची पॅकेटे नोंदीवरूनच सोडावीत. लिनक्सवर ही पद्धत आली तेव्हा 'प्रस्थापित जोडणी सोडावी' असा एकच नियम नियमावलीच्या आरंभी घालण्याचा प्रघात पडला. त्याचा परिणाम असा झाला की, वेबच्या नियमाच्या खाती जोडणीचे पहिले पॅकेट व त्याचे साठेक बाइट तेवढे जमा होत, आणि मागाहून येणारे लाखो बाइट प्रस्थापितांच्या एकाच सामायिक खाती जात, जेथे टपाल, वेब आणि फाइली यांचा भेद मावळलेला असे. आकडे खरे, बेरीज बरोबर, आणि तरीही प्रतवारी पार नाहीशी. ओपनबीएसडीने हा प्रश्न अधिक समंजसपणे सोडविला. परवान्याच्या वादामुळे २००१ च्या मे महिन्यात जुनी फायरवॉल काढून टाकावी लागल्यावर डॅनियल हार्टमायर यांनी लिहिलेली पीएफ ही नवी यंत्रणा त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाहेर पडली. तिच्यात जोडणीतील प्रत्येक पॅकेट त्या जोडणीला ज्या नियमाने प्रवेश दिला त्याच नियमाच्या खाती जमा होते. शिवाय नियमाला आपल्या पसंतीचे नाव देऊन, केवळ त्या नावांनिशी सर्व बेरजा एका आज्ञेने मागविता येतात. जमाखर्चाची ही शिस्त ज्या मनाने कल्पिली त्या मनाला हिशेबाविषयी खरा आदर होता, असे मी मानतो.

आकडे डोळ्यांना दिसू लागले ते टोबियास ओटिकर यांच्यामुळे. इंग्लंडमधील लेस्टर येथील डी मॉन्टफर्ट विद्यापीठात १९९४ च्या सुमारास ते काम करीत असताना तेथे बाहेरच्या जगाशी जोडणारी ६४ किलोबिटांची एकच तार होती, आणि तिची स्थिती जाणण्यास सगळेच उत्सुक होते. म्हणून त्यांनी एमआरटीजी हा कार्यक्रम लिहिला, जो दर पाच मिनिटांनी राउटरवरचा आकडा वाचून दिवसाचा, आठवड्याचा, महिन्याचा आणि वर्षाचा आलेख काढीत असे. आत येणारी वाहतूक हिरव्या रंगात भरलेली आणि बाहेर जाणारी निळ्या रेषेने काढलेली, असा तो आलेख जगभरच्या संगणककक्षांत परिचित झाला. त्यालाही मर्यादा होत्या. राउटरवरचे हे गणक ३२ बिटांचे असत, आणि शंभर मेगाबिटांची वाट पूर्ण भरून वाहू लागली तर असा गणक सहा मिनिटांच्या आतच कमाल आकडा गाठून पुन्हा शून्यावर येई. गिगाबिटाच्या वाटेवर त्याला ३५ सेकंदही पुरत नसत, आणि मग पाच मिनिटांनी वाचलेल्या आकड्याला काही अर्थच उरत नसे. यावर ६४ बिटांचे गणक हा उपाय निघाला. सिस्कोने १९९६ मध्ये आणलेल्या नेटफ्लोने आणखी एक पाऊल टाकले, आणि दोन्ही टोकांचे पत्ते, दोन्ही पोर्ट, प्रोटोकॉल, सेवेचा दर्जा व आगमनाची वाट या सात गोष्टी समान असलेल्या पॅकेटांची मिळून एक नोंद ठेवण्याचा दंडक घातला.

साधने अशी परिपूर्णतेला येत असतानाच त्यांच्या पायाखालची भूमी सरकत होती. ज्या वेशीवर माल मोजला जात होता त्याच वेशीवर तो अडविलाही जात होता, आणि दोन्ही कामे एकाच क्रमांकावरून चालली होती. पेशवाईतील जकातीच्या नाक्यावर जिनसेप्रमाणे हशील ठरे, आणि सरकारी दस्तक जवळ असलेला माल बिनहशिली पुढे जाई. अशा व्यवस्थेत माल कोणत्या नावाखाली नेणे सोयीचे, याकडे व्यापाऱ्याचे चित्त वळावे हे स्वाभाविकच आहे, आणि तसे झाले म्हणजे नाक्यावरची वही वसुलाचा हिशेब देते, मालाचा देत नाही. फायरवॉलच्या बाबतीत हेच घडले. व्यवस्थापकांनी सावधगिरीने बाकीची सारी पोर्टे बंद केली आणि वेबसाठी ८० व ४४३ तेवढी उघडी ठेवली. त्याबरोबर ज्याला ज्याला पलीकडे जायचे होते तो तो वेबचा वेष घेऊन येऊ लागला.

याचा पहिला मासला निरुपद्रवी होता, आणि तो खुद्द बेलोविन यांनीच घालून दिला. फाइलींच्या नेआणीत सर्व्हर २० क्रमांकाच्या पोर्टावरून ग्राहकाकडे उलट जोडणी करीत असे, आणि बाहेरून आत येणारी अशी जोडणी फायरवॉलला संशयास्पद वाटे. म्हणून फेब्रुवारी १९९४ मध्ये त्यांनी अशी शिफारस केली की, जोडणी ग्राहकानेच करावी आणि सर्व्हरने त्यासाठी एखादे मोकळे पोर्ट सांगावे. सुरक्षा साधली, परंतु फाइलींचा प्रत्यक्ष मजकूर आता वाटेल त्या क्रमांकावरून जाऊ लागला, आणि २० क्रमांकाच्या रकान्यातून तो नाहीसा झाला. पुढे व्यापारी संगणकप्रणालींनी आपले व्यवहार ८० क्रमांकावरून चालविण्यास आरंभ केला. सोप या पद्धतीची फायरवॉलमधून सहज पार होण्याबद्दल जी वाखाणणी चालली होती, तिच्यावर ब्रूस श्नायर यांनी २००० मध्ये कठोर टीका केली. आणि नव्या प्रोटोकॉलांनी वेबच्या पोर्टाचा आसरा घेऊ नये, असा उपदेश कीथ मूर यांनी २००२ च्या फेब्रुवारीत आरएफसी ३२०५ मध्ये सविस्तर केला. उपदेश युक्तीचा होता. बंद दारांपुढे तो टिकला नाही.

निर्णायक आघात झाला तो परस्परांत फाइली वाटून घेणाऱ्या प्रणालींचा. १९९९ मध्ये नॅपस्टर आले, त्यामागून १२१४ क्रमांकावर कझा आणि ६८८१ पासूनच्या क्रमांकांवर बिटटोरंट. विद्यापीठांनी ते क्रमांक बंद केले, त्याबरोबर या प्रणाली यदृच्छेने कोणताही क्रमांक निवडू लागल्या. काही काळ कोष्टकांत त्यांचा वाटा घटताना दिसला, आणि खटल्यांच्या धाकाने ही चळवळ ओसरली असे म्हटले जाऊ लागले. तेव्हा थॉमस कारायानिस यांनी क्लाफी आदी सहकाऱ्यांसह २००४ मध्ये दाखवून दिले की, ती मेलेली नाही, फक्त दडली आहे. क्रमांकावर विसंबता येत नाही म्हटल्यावर पॅकेटाचे अंतरंग वाचण्याची साधने निघाली. लिनक्सवर २००३ मध्ये आलेले एल७-फिल्टर हे त्यांपैकी एक. येथे मोजदादीने एक मर्यादा ओलांडली. शिरोभागावरचा जबाब वाचणे निराळे आणि दोन माणसांमधला मजकूर उघडून पाहणे निराळे. २००७ मध्ये अमेरिकेतील कॉमकास्ट कंपनी बिटटोरंटच्या जोडण्या ओळखून त्या बनावट पॅकेटांनी तोडते, हे उघडकीस आले. २००८ मध्ये तेथील संचार आयोगाने त्याविरुद्ध हुकूम दिला, आणि २०१० मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरविला. भारतात मजकुरानुसार वेगळे दर आकारण्यास दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मनाई केली. प्रतवारी करण्याचे सामर्थ्य हाती आले की त्या प्रतवारीवर दर आणि अडवणूक बेतण्याचा मोह टळत नाही, हे या प्रकरणांतून दिसले, आणि म्हणूनच अंतरंग झाकून घेणाऱ्यांचा पक्ष मला न्याय्य वाटतो, जरी त्यामुळे मोजणाऱ्यांची वही कोरी पडली तरीही.

२०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी सरकारी पाळतीची कागदपत्रे उघड केली, आणि २०१४ च्या मे महिन्यात इंटरनेटच्या नियमकर्त्यांनी सर्वव्यापी पाळत हा जाळ्यावरचा हल्लाच मानावा, असे ठरविले. त्यानंतर कूटलेखन सर्वत्र पसरले. फायरवॉलवरच्या कोष्टकात आज ४४३ क्रमांकाचा रकाना इतका विशाल असतो की, त्यात अधिकोषाचा व्यवहार, चलच्चित्रे, टपाल आणि दूरस्थ सभा हे सारे एकाच जिनसेखाली नोंदलेले असते. नियमांनी स्वतःही वेषांतर पत्करले. २०१८ चे टीएलएस १.३ आपल्या आवृत्तीच्या जुन्या घरात १.२ चाच क्रमांक लिहिते, कारण खरा क्रमांक लिहिला असता वाटेवरील कित्येक यंत्रे जोडणीच तोडीत असल्याचे प्रयोगांत आढळले होते. प्रोटोकॉलच्या आठ बिटांच्या घराचीही तीच गत झाली. १३२ क्रमांकाचा एससीटीपी २००० मध्ये आणि ३३ क्रमांकाचा डीसीसीपी २००६ मध्ये निघाला, परंतु वेशीवेशीवर ६ आणि १७ यांखेरीज इतरांना बहुधा प्रवेश नसल्यामुळे सार्वजनिक जाळ्यावर ते रुजले नाहीत. २५६ क्रमांकांच्या त्या घरातून व्यवहारात मुख्यत्वे दोनच चालू राहिले. गूगलने आरंभिलेला आणि २०२१ च्या मे महिन्यात आरएफसी ९००० म्हणून मान्य झालेला क्विक हा नवा प्रोटोकॉल म्हणूनच यूडीपीच्या पोटात, ४४३ क्रमांकावरून जातो; आणि आपल्या बहुतेक नोंदीही तो कूटबद्ध करतो, जेणेकरून वाटेवरच्या कोणी त्या वाचून त्यांवर विसंबू नये.

क्विकची रचना चालू असता मोजणाऱ्यांसाठी काही उघडे ठेवावे की नाही, यावर नियमकर्त्यांत प्रदीर्घ चर्चा झाली. जाळे दुरुस्त ठेवणाऱ्यांचे म्हणणे असे की, बिघाड कोठे आहे हे कळण्यापुरते तरी काही दिसले पाहिजे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, जे जे दिसते त्याचा उपयोग पुढे अडवणुकीसाठी होतो, हे मागील वीस वर्षांत सिद्ध झाले आहे. दोन्ही पक्षांत अनुभवी माणसे होती. अखेरीस तडजोड झाली ती एका बिटाची. पॅकेटाच्या आरंभी फिरता बिट म्हणून एकच बिट उघडा ठेवण्यात आला, जो जाण्यायेण्याच्या प्रत्येक फेरीबरोबर शून्याचा एक आणि एकाचा शून्य होतो, व त्यावरून फेरीला लागणारा वेळ वाटेवरच्या निरीक्षकाला मोजता येतो. तो वापरणे ऐच्छिक आहे. आणि जेथे वापरला जातो तेथेही, ज्यांनी तो बंद ठेवला ते वेगळे उठून दिसू नयेत म्हणून, दर १६ मार्गांपैकी किंवा जोडण्यांच्या ओळखक्रमांकांपैकी निदान एकावर, यदृच्छेने निवडून, तो बंद ठेवलाच पाहिजे, असे आरएफसी ९००० चे बंधन आहे.